एकशे एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

आमच्या हार्कर गावात पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघतो. चकचकीत नवे काउबॉय बूट असतील तर तो जुन्या दारूच्या सलूनमध्ये जाणार आणि भिंतीतल्या गोळ्यांच्या भोकांत बोट घालून बघणार. ती भोकं १९८८ साली सलूनवाल्या बड टटलने ड्रिल मशीनने पाडली. पोटात चार बिअर होत्या म्हणून ती ओळीत आली नाहीत, आणि म्हणूनच खरी वाटतात. पायात रबरी चपला असतील तर सोबत मुलं असणारच. ती मंडळी लाकडी हौदापाशी बसून वाळू चाळणार, आणि त्यांना सोन्याचा कण सापडणार, कारण रोज सकाळी साडेआठला तो त्या वाळूत मिसळलेला असतो. एकटे पुरुष बायको दुकानात शिरली की हळू आवाजात 'ते वरच्या मजल्यावरचं म्युझियम' कुठे आहे म्हणून विचारतात. मी जुन्या कुंटणखान्याचा जिना दाखवतो. बऱ्याचदा बायको आधीच वर पोचलेली असते.

शंभरातले वीस-बावीस माझ्याकडे येतात. मी 'लिटल मर्सी' खाणीच्या तोंडाशी, हजेरीच्या फळ्यासमोर बसतो. वय पंचाहत्तर, नाव व्हिंको बार्बरिच. पाहुण्यांना आडनाव उच्चारता येत नाही, म्हणून माझ्या शर्टावर नुसतं 'मिस्टर बी' शिवलंय.

फळ्याचा नियम साधा. खाली जाताना माणसाने आपला पितळी बिल्ला डावीकडच्या 'खाली' या भागात अडकवायचा, वर आला की उजवीकडच्या 'वर' या भागात. आपला आपणच. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. मी पाहुण्यांना हे सांगतो आणि प्रत्येकाला एकेक बिल्ला देतो. बाप लोक लगेच पोराचा बिल्ला स्वतः अडकवायला जातात. मी त्यांचं मनगट धरतो. त्यांना वाटतं म्हातारा खेळ रंगवतोय.

एक बिल्ला मी कोणाला देत नाही. उजवीकडे, 'वर'च्या तिसऱ्या ओळीत, एकशे एक्केचाळीस. तो तिथे १९६४च्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारपासून आहे. खाण बंद पडली, फळा एकदा पॉलिश झाला, पण त्या बिल्ल्याला कोणी हात लावला नाही. त्याचा मालक वर आलाच नव्हता. तो वर आलाय असं गेटवर मोठ्याने वाचून दाखवणारा मी होतो.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि खाणीचा हजेरी कारकून होतो. नियम लिहिल्याप्रमाणे पाळला जायचा असं मी म्हटलं तर गावात उरलेले आम्ही नऊ म्हातारे एकमेकांकडे बघून हसू. शनिवारी तर कोणीच पाळत नसे. शनिवारी फिनिश लोकांना सौना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, तापवायची घाई, इंग्लंडच्या कोपऱ्यातून आलेल्या कॉर्निश लोकांना दारूच्या गुत्त्यातलं स्टूल पकडायची घाई. जो जोडीदार आधी वर येई तो दोघांचे बिल्ले अडकवून मोकळा होई. मागून येणाऱ्याचा फळ्यासमोरच्या रांगेतला वेळ वाचे. उर्हो निस्काला आणि जेगो पॅस्को असे एक जोडीदार होते. जेगो बोलायचा आणि उर्हो ऐकायचा, दोघांचं छान जमायचं. त्या शनिवारी पावणेदोनला जेगो वर आला, काखेत डबा, तोंडात शीळ. त्याने आपला एकशे चाळीस 'खाली'वरून काढून 'वर' अडकवला, शेजारचा एकशे एक्केचाळीस काढून तोही अडकवला, आणि मला डोळा मारून गेला. उर्हो खाली आधाराचं शेवटचं लाकूड ठोकत होता. 'आलोच मागोमाग,' असं म्हणाला होता म्हणे.

मी हे माझ्यापासून चार हातांवर पाहिलं. काही बोललो नाही. रोज कोण बोलतं?

दोन वाजता सातशे फुटांवरचा मजला बसला.

अपघाताचा भोंगा आमच्याकडे सहा वेळा वाजायचा, लांब लांब. तो ऐकला की बायका हातातलं टाकून, अंगावर असेल त्यावर कोट चढवून गेटशी यायच्या. बोलत नसत. बसत तर मुळीच नसत. हजेरी कारकून फळ्यावरून वर आलेल्यांचे नंबर वाचायचा. जिचा नंबर येई ती शेजारणीच्या हाताला हात लावून मुकाट्याने निघून जाई, कारण जिचा आलेला नाही तिच्यापुढे हसायचं नसतं. जिचा येत नसे ती उभी राही. तिचा माणूस, किंवा माणसाचं जे काही राहिलं असेल ते, वर येईपर्यंत उभी.

उर्होची बायको लेम्पी निस्काला सगळ्यांत पुढे होती. सव्वीस वर्षांची, कोपरापर्यंत पीठ, आणि कोटाच्या टोकाला धरून चार वर्षांची मार्लीन. मला लेम्पी आवडायची. हे इथे नोंदवतो, कारण ते धरल्याशिवाय बेरीज जमत नाही. तिला ठाऊक नव्हतं, बाकी गावाला ठाऊक होतं. नंबर एकपासून वाचायचे असतात. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि क्रम सोडून पहिल्यांदा एकशे एक्केचाळीस वाचला. जेगोचे दोन हात, दोन बिल्ले, डोळा मारणं, हे सगळं माझ्या डोक्यात त्या क्षणी हजर होतं. मागोमाग आलाच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तिने शेजारच्या मिसेस ट्रेगियरच्या हाताला हात लावला आणि ती घरी गेली.

फळ्यावर 'खाली'च्या बाजूला अकरा बिल्ले होते. ते सगळे सातशेवरच्या माणसांचे. लोक सातशेवर खणत राहिले. उर्हो त्याच्याही खाली, अकराशे फुटांवर अडकला होता. तिथे दुसऱ्या बाजूच्या विहिरीतून, म्हणजे खाणीच्या उभ्या वाटेने, उतरता आलं असतं, सहा तासांचं काम होतं. पण फळ्याप्रमाणे अकराशेवर कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेम्पी गेटवर आली आणि मला म्हणाली, "व्हिंको, तो घरी आला नाही. सौना अजून गरम आहे."

त्याला चौथ्या दिवशी वर आणलं. त्याचा डबा पुसून खाल्ल्यासारखा स्वच्छ होता. शेजारच्या खांबावर त्याने दर तासाला खडूने एक रेघ ओढली होती. रेघा एकोणीस होत्या.

चौकशीत साहेबाने मला विचारलं, "बिल्ला कोणी अडकवला ते पाहिलंस का?" मी म्हणालो, "साहेब, आपला बिल्ला आपणच अडकवायचा असा नियम आहे." नियम होताच. त्यांनी लिहून घेतलं. गावाने सगळं जेगोच्या अंगावर टाकलं, आणि प्रेतयात्रेच्या आधीच तो गाव सोडून गेला.

मी गेलो नाही. मी लेम्पीच्या दारातला बर्फ उपसला. तिचं छप्पर दोनदा बदललं, कुंपण तीनदा. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली, मार्लीनला वाढवलं. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं गावाने आपापल्या सोयीने काढली. तिला एकदा, फक्त एकदा, सांगायचं होतं की मी बघितलं होतं. आधी वाटलं जखम ताजी आहे. मग वाटलं जुनी झाली, कशाला उकरा. मग दोन वर्षांपूर्वी लेम्पीला माणसं आणि सालं आठवेनाशी व्हायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा घाई झाली.

आणि त्यातच यंदा शेल्बीला भोंगा सापडला.

शेल्बी म्हणजे आमच्या पर्यटन केंद्राची व्यवस्थापक. वय चौतीस, डेन्व्हरची, मनाने चांगली. गावात येऊन तीन वर्षं झाली तरी ती अजून प्रत्येक गोष्टीला 'वॉव' म्हणते. शेडमधला जुना भोंगा तिने दुरुस्त करून घेतला आणि समितीपुढे ठराव आणला की रोज दुपारी दोनला अपघाताचा भोंगा वाजवून दाखवायचा. दोनच का? तर अपघात दोनला झाला होता, आणि दोनला पाहुणे जेवून रिकामे असतात.

मी म्हणालो, "तो भोंगा गमतीने वाजवत नाहीत."

"मिस्टर बी, गंमत नाहीच मुळी. लोकांना ते वाटलं पाहिजे!"

"काय वाटलं पाहिजे?"

"जे तुम्हाला वाटायचं ते."

ठराव पाच विरुद्ध दोन असा मंजूर झाला. मी त्या दोनांत होतो. एवढंच.

जूनच्या पहिल्या सोमवारी भोंगा सहा वेळा वाजला. कुत्री भुंकली, पाहुण्यांची मुलं कानांवर हात ठेवून हसली. आणि मेन स्ट्रीटच्या चढावरून लेम्पी आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, घरातल्या कपड्यांवर जांभळा नायलॉनचा कोट, एक बटण चुकलेलं. ती येऊन गेटशी उभी राहिली, तेव्हा जिथे राहिली होती बरोबर तिथेच. माझ्याकडे बघून म्हणाली, "एकशे एक्केचाळीस?"

मी फळ्याकडे बघत राहिलो. ती उभी राहिली. पाहुणे आधी चुपचाप झाले, मग फोटो काढायला लागले. अडीच तासांनी मार्लीन शाळेची बस लावून धावत आली.

मार्लीन बस चालवते, त्यामुळे तिचा साधा आवाजही मागच्या सीटपर्यंत जातो. पहिले चार दिवस तिने शेल्बीशी भांडण केलं. पाचव्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि हळू बोलली. हळू बोलली म्हणून मी घाबरलो.

"व्हिंकोकाका, तुम्ही नंबर वाचा ना."

"काय बोलतेस?"

"नाही वाचला तर ती हलत नाही. काल मी उचलून नेली. वाचला तर घरी येईल. नुसता नंबर तर आहे."

"मार्लीन, मी तो एकदा वाचलाय."

"माहीत आहे. फळ्यावर जे होतं ते तुम्ही वाचलंत, तुमचा काय दोष? आता तिच्यासाठी वाचा."

मला तिथे सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बरं."

त्या दिवशी मी एकशे एक्केचाळीस वाचला. लेम्पीचा चेहरा असा उलगडला, जशी कुणी घडी मोडावी. शेजारी ओहायोहून आलेली एक बाई कोक पीत उभी होती, तिच्या हाताला लेम्पीने हात लावला आणि ती निघून गेली. मार्लीनने नंतर सांगितलं की घरी जाऊन ती गाणं म्हणत वेलदोडे कुटायला बसली, कॉफीबरोबरच्या पावासाठी. सौना लावायला गेली, मार्लीनने मागून बटण बंद केलं. "दिवसातला तो एकच तास ती माझी आई असते," मार्लीन म्हणाली.

मग मी रोज वाचला. जून, जुलै, ऑगस्ट. खोटं एकदा चुकून बोललं तर ते उरावर राहतं. रोज दोनला बोललं तर ते कामाच्या यादीत जातं. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे येणारे शंभरातले वीस होते ते पंचेचाळीस झाले, सलूनच्याही पुढे गेलो. बड टटल चिडून म्हणाला, "व्हिंको, माझी भोकं फुकट गेली."

शेल्बी तर फोन घेऊन धावतच आली.

"मिस्टर बी, लोक रडतायत! वाचून दाखवू? 'गेटवरच्या बाईचं काम करणारी नटी अप्रतिम. पाचपैकी पाच तारे.'"

"ती नटी नाही."

"मला माहीत आहे हो. म्हणून तर!" मग जरा घुटमळली. "त्यांना एखादी लोकरीची शाल द्यायची का? तो जांभळा कोट त्या काळातला वाटत नाही."

"तो काळ तिचा होता, शेल्बी. त्यात काय घालायचं ते तिला ठरवू दे."

हे मार्लीनच्या कानावर गेलं. ती येऊन शेल्बीला म्हणाली, "आण शाल. कोणाच्या गळ्यात बांधायची ते मी बघते." शालीचा विषय तिथे संपला.

हंगामाचा शेवटचा दिवस सप्टेंबरातला शेवटचा रविवार. त्यानंतर भोंगा मे महिन्यापर्यंत झाकून ठेवणार. मी मनाशी ठरवलं होतं की आज बोलायचं. असं मी आधीही बऱ्याच रविवारी ठरवलं होतं.

दीड वाजता, भोंग्याच्या अर्धा तास आधी, लेम्पी आली. केस विंचरलेले, बटणं सगळी बरोबर, कोट हातावर. माझ्या बाकावर येऊन बसली.

"आज लवकर?" मी म्हणालो.

"आज भोंग्याने बोलावलं नाही. माझी मी आले."

"कॉफी देऊ?"

"तुझी? पन्नास वर्षं माझी प्यायलास, तरी तुला करता येत नाही." तिने फळ्याकडे बघितलं. "मार्लीन सांगत होती, मी रोज इथे येते आणि तू नंबर वाचतोस."

"हो."

"आणि मी खूश होऊन जाते?"

"हो."

"मूर्ख बाई," ती म्हणाली. "तो मेलाय ते मला माहीत आहे, व्हिंको. सकाळी मला सगळं माहीत असतं. आज जरा दुपारपर्यंत टिकलंय."

समोरून एक कुटुंब प्लास्टिकची हेल्मेटं घालून गेलं. सगळ्यांत धाकट्याचं हेल्मेट नाकापर्यंत आलं होतं. लेम्पी त्याच्याकडे बघून हसली, आणि त्याच हसण्यात पुढचं बोलली.

"जेगोचं पत्र आलं होतं. एकाहत्तर साली, ॲरिझोनाहून. लिहिलं होतं, दोन्ही बिल्ले मीच लावले. आणि लिहिलं होतं, व्हिंको बघत होता, मी त्याला डोळा मारला."

"म्हणजे पंचेचाळीस वर्षं," मी म्हणालो.

"हिशेब तू कर. मी आपली खिडकीत उभी राहायचे. तू बर्फ उपसायचास. मी म्हणायचे, आज सांगेल. फावडं भिंतीला टेकवलं की सांगेल. मग तू आत यायचास, दोन कप कॉफी प्यायचास, छपराबद्दल बोलायचास आणि जायचास. किती बोलायचास रे छपराबद्दल!"

"तू विचारलं का नाहीस?"

"मी? मी का विचारू?"

तिचा आवाज चढला नव्हता. मी माझ्या हातांकडे बघत होतो. "लेम्पी, मी पहिल्यांदा तुझा नंबर वाचला, क्रम सोडून, कारण..."

"तेही माहीत आहे. गावात कोणाला माहीत नव्हतं? माझं सोड, उर्होला माहीत होतं. तो तुला 'बिचारा' म्हणायचा." तिने कोट मांडीवर सरळ केला. "मला ते नको आहे आता. मला वेगळंच सांगायचंय, विसरायच्या आत. त्या दिवशी सगळ्या उभ्या होत्या. मिसेस ट्रेगियर दोन दिवस उभी होती, पाय सुजून बूट कापून काढावे लागले. आणि मी घरी बसून वेलदोडे कुटत होते. तो खाली रेघा ओढत होता आणि मी वेलदोडे कुटत होते. त्या बायका मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. चर्चच्या स्वयंपाकात मी गेले की बाजूला सरकून जागा करून द्यायच्या. जरा जास्तच जागा करायच्या."

"लेम्पी..."

"मला उभं राहू दे. आज नंबर वाचू नकोस."

"तू विचारशील."

"विचारेन. मी काय, मी काहीही विचारेन. तू वाचू नकोस."

मी मान हलवली. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही बसून राहिलो. ती छपराबद्दल बोलायला लागली, मला चिडवायला, माझाच आवाज काढून. पावसाळी पन्हाळ, तीन नंबरचे खिळे, सगळं. मला हसू आलं. दोन वाजायला किती मिनिटं राहिली ते त्या दिवशी मी पहिल्यांदा मोजलं नाही.

भोंगा वाजला.

तिसऱ्या वेळेला तिचा हात माझ्या हातावरून निघाला. पाचव्याला ती उठली होती. कोट चढवताना बटण चुकलं. सहावा संपला तेव्हा ती गेटशी, आपल्या जागी होती, आणि तीस-पस्तीस पाहुणे तिच्या मागे अर्धगोल करून उभे होते. शेल्बीने शेवटचा दिवस म्हणून दोरी बांधून जागा आखली होती.

"एकशे एक्केचाळीस?" लेम्पी म्हणाली.

नजर सव्वीस वर्षांची. त्या नजरेला मी एकदा घाबरलो होतो, आणि मग उन्हाळाभर तिला पाव भाजायला घरी पाठवत आलो होतो. मी नंबर वाचला नाही.

"व्हिंको? एकशे एक्केचाळीस आला ना?"

"नाही आला, लेम्पी."

"पण बिल्ला 'वर' आहे. मला दिसतोय."

"तो त्याने लावलेला नाही. जेगोने लावला. मी बघितलं."

बावन्न वर्षं जपून ठेवलेलं वाक्य इतकं छोटं होतं. ते ऐकून ती रडेल, कोसळेल, मला शिव्या देईल, हे सगळं मी बावन्न वर्षं मनात करून पाहिलं होतं. तिने जे केलं ते माझ्या हिशेबात नव्हतं. तिने गेटच्या गजांतून हात घालून माझी बाही पकडली.

"मग उभा काय राहिलायस? सांग त्यांना! तो अकराशेवर आहे. दुसऱ्या विहिरीतून जाता येतं, उर्होनेच सांगितलंय मला. अजून वेळ आहे, व्हिंको. तो जिवंत असेल. जा ना!"

मागून एका माणसाने टाळी वाजवली. शेल्बीने वळून त्याचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा ती 'वॉव' म्हणाली नाही.

मी फळ्याकडे गेलो. एकशे एक्केचाळीस 'वर'वरून काढला. इतका हलका असेल असं वाटलं नव्हतं. तो 'खाली'च्या बाजूला लावला. मग पेटीतून एक पाहुण्यांचा बिल्ला घेतला, नऊ नंबरचा, आणि तो त्याच्याशेजारी लावला. पिंजरा, म्हणजे खाणीची लिफ्ट, चालवणारा डेल म्हणाला, "एकटेच?" मी म्हणालो, "एकटाच."

पाहुण्यांचा पिंजरा शंभर फुटांवर थांबतो. तिथून एक बोगदा, मेणाचे दोन खाणकामगार, आणि शेवटी लोखंडी जाळी. जाळीपलीकडे विहीर आहे आणि तिच्यात पाणी, पुढचं सगळं पाणीच. मुलं तिथे खडा टाकून आवाज ऐकतात. मी जाळीला धरून उभा राहिलो. "उर्हो," अशी हाक मारली. मोठ्याने मारायला लाज वाटली, म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने मारली. मेणाचे दोघे बघत होते. मग वर आलो.

पाहुणे पांगले होते. कोणीतरी मार्लीनला फोन केला होता. ती गेटच्या आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि तिच्या मागच्या सीटपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "काय सांगितलंत तिला? काय सांगितलंत?"

"जे होतं ते. तुलाही सांगायचंय."

"आत्ता नको. आत्ता तुमचं तोंड मला..."

"व्हिंको," लेम्पी गेटवरून म्हणाली.

आम्ही दोघं वळलो.

"तुझा बिल्ला. आधी तुझा बिल्ला वर लाव. नाहीतर तुझ्यासाठी कोणाला तरी उभं राहावं लागेल."

मी नऊ नंबर उचलून 'वर' लावला. 'खाली'च्या बाजूला आता एकच होता. लेम्पीने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"तो?"

"अजून नाही."

तिने मान हलवली. चुकलेलं बटण सोडवून बरोबर लावलं, हात कोटाच्या खिशात घातले आणि पाय जरा फाकवून उभी राहिली, जशा त्या बायका खूप वेळ उभं राहायचं असलं की राहायच्या. मार्लीन तिच्या दंडाला धरून म्हणाली, "आई, घरी चल. थंडी पडतेय." लेम्पी म्हणाली, "तू जा, बाळा, मिसेस ट्रेगियरकडे जाऊन बस. मी बाबांना घेऊन येते." मार्लीनने तिचा दंड सोडला नाही. थोड्या वेळाने ती तिथेच उभी राहिली, आईच्या कोटाच्या टोकाला धरून, छप्पन्न वर्षांची. मी गेटबाहेर येऊन पलीकडे उभा राहिलो. मार्लीनने मला हाकलून दिलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

पाच वाजता शेल्बी किल्ल्या घेऊन गेट बंद करायला आली. आमच्याकडे बघत राहिली. दोरी तिने आधीच सोडून नेली होती.

"मी," ती हळूच म्हणाली, "आजींसाठी खुर्ची आणू का?"

"इथे बसत नाहीत, पोरी," लेम्पी म्हणाली, आणि तिच्यासाठी जरा सरकून बाजूला जागा केली.